जुना लॅपटॉप, घरात चार जण, आणि लिनक्स नक्की कुठलं?

सुपारीफूल

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायचीय, आणि तिचे प्रकार ढीगभर. विचारायच्या आधी त्यावरचे जुने धागे उपसले, पण बहुतेक २०१२-१३ चे निघाले. त्यातल्या निम्म्या नावांचं आज काय झालंय कळत नाही, म्हणून नव्याने विचारते.

आम्ही चिपळूणला राहतो. घरचा डेस्कटॉप २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. लॅपटॉप वाचला, कारण आदल्या रात्री नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो पोटमाळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी नेऊन ठेवला होता. २०१६ चा आहे. इंटेल आय-३, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०.

वेग विचाराल तर बटण दाबून मी कुकर लावते. तिसऱ्या शिट्टीला पडद्यावर चित्रं उमटतात आणि कुकरची वाफ जिरेपर्यंत ब्राउझर काही उघडत नाही. एकदा घड्याळ लावून बघितलं, ४ मिनिटं १० सेकंद. त्यात विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितलं, "वहिनी, यावर ११ चालणार नाही, नवीन घ्या." नवीन घ्यायचा तर घेऊ, पण यंदा छपरावर पत्रे घालायचे आहेत. पत्रे आधी.

वापरणारे चार जण. नाना ७८ वर्षांचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या तीन वह्यांमध्ये होत्या, दोन पुरात भिजल्या. त्या वाळवून, पान पान सोडवून ते टाइप करतायत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर, दहा बोटांनी, माझ्यापेक्षा जलद. लेक दहावीला, तिला व्हिडिओ आणि शाळेचे प्रकल्प. मी घरचे मसाले आणि आगळ विकते, त्याची बिलं आणि बाटल्यांची लेबलं. नवरा नळपाणी योजनांची कामं घेतो, त्याला टेंडर भरायला लागतो.

पुण्याचा भाचा म्हणतो उबुंटू. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो झोरिन. एका व्हिडिओत दहा नावं होती आणि दहाही 'सर्वोत्तम'. मला दहा नकोत. एक नाव सांगा आणि तेच का, ते सांगा.

टर्मिनलवाला

आर्च टाका. हवं तेवढंच घ्यायचं, नको ते येतच नाही. माझं सुरू झाल्यावर ३५० एमबी खातं.

सुपारीफूल

नानांना जमेल का?

टर्मिनलवाला

आर्चची विकी, म्हणजे माहितीची साइट, वाचावी लागेल थोडी.

सुपारीफूल

वाचतील हो, पण त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतील. पुढचे प्रतिसाद येऊ देत.

लोखंडी_तवा

ताई, नावाचं नंतर बघू. १ टीबी आणि २०१६ म्हणजे तुमची डिस्क नक्की तबकडीची. तुमच्या तीन शिट्ट्यांपैकी अडीच तिच्या खात्यावर लिहा.

हिशोब सोपा आहे. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर न्यायचं, त्याचे आणखी दहाएक. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वेचायचे असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच हाताला लागतात. आणि सुरू होताना कुठलीही सिस्टिम हजारो बारीक तुकडे मागते. विंडोज त्याच वेळी मागे अपडेट तपासतं, व्हायरस शोधतं, अनुक्रमणिका करतं, आणि सगळे त्या एकाच टोकाला ओढतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. असले तुकडे ती सेकंदाला हजारोंनी देते.

म्हणून आधी २५६ जीबीच्या आसपासची साधी साटा, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीची, एसएसडी घ्या, अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची. एनव्हीएमई, म्हणजे पट्टीसारखी नवी जात, नको, तुमच्या लॅपटॉपमध्ये तिला बहुतेक जागाच नसेल. नुसतं लिनक्स टाकून तबकडी तशीच ठेवलीत तर पंधरा दिवसांनी 'लिनक्सही स्लोच' असा धागा काढाल, आणि मग टर्मिनलवाला तुम्हाला सोडणार नाही.

झाकण उघडलंच आहे तर रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का तेही बघा. असेल तर ४ जीबीची आणखी एक. मात्र पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. मागचा 'एल' नसलेली दुकानदार खपवेल, घेऊ नका.

आता नाव. लिनक्स मिंट, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. बास.

का? तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. नानांना नव्याने काही शिकायला नको. सध्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत, म्हणजे लेक कॉलेजला जाईपर्यंत तुम्हाला परत हा उद्योग करायचा नाही. भाच्याचं उबुंटू वाईट नाही, पण त्यात फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या गाठोड्यातून येतो आणि जुन्या यंत्रावर पहिल्यांदा उघडताना रेंगाळतो. मिंटवाले तो साध्या पद्धतीने देतात. झोरिन देखणं आहे, पण ते देखणेपण पेलायला रॅम लागते. मिंटचीच सिनॅमन आवृत्तीही तशीच, ८ जीबी झाली तर खुशाल घाला.

याहून हलकं लुबुंटू आहे. पण ते वाचवतं शे-दोनशे एमबी, आणि लेकीने यूट्यूबचा एक टॅब उघडला की तेवढे गेले. रॅम खाणारा ब्राउझर आहे. ३५० एमबीचं कौतुक टॅब उघडेपर्यंतच.

(मी स्वतः डेबियन १३ वापरतो, ज्यावर उबुंटू आणि म्हणून मिंटही बेतलंय, पण तुम्हाला सुचवत नाही. मिंट म्हणजे तेच जेवण, ताट वाढून.)

आणि एक करा. काही पुसायच्या आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन त्यावरूनच तासभर चालवून बघा. डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतो का, आवाज येतो का, नानांचा कळफलक चालतो का, प्रिंटर ओळखतो का बघा. वेग मात्र त्यावरून जोखू नका, पेनड्राइव्हवर सगळंच रखडतं.

पोस्टातली_सीडी

तव्याशी सहमत. मला आपलं २००७ आठवलं. तेव्हा उबुंटूवाले मागाल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, परदेशातून. आमच्या पोस्टमनने पाकीट देताना विचारलं होतं, "परदेशात कोण आहे?" दहा सीडी मागवल्या, आठ मित्रांना वाटल्या, सहांनी त्यावर चहाचे कप ठेवले. २०११ ला ती योजना बंद झाली.

सुपारीफूल, देशी हवं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस आहे, डेबियनवरच बेतलेलं. पण अडल्यावर विचारायला माणसं जास्त ती मिंटलाच. आणि केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत, त्यामुळे दहावीच्या मुलीची काळजी नको.

कडू_कारलं

सगळे पंगतीत वाढायला लागले, पण धागाकर्तीने लिहिलेलं एक वाक्य कुणी वाचलं नाही. नवरा *टेंडर* भरतो.

महाटेंडर्स या सरकारी टेंडरच्या साइटवर डिजिटल सहीशिवाय पान हलत नाही. ती सही यूएसबी टोकनमध्ये असते. त्या टोकनचे ड्रायव्हर, वर सही करणारं वेगळं सॉफ्टवेअर, त्याची जावाची ठरावीक आवृत्ती, हे सगळं विंडोज गृहीत धरून केलेलं. लिनक्सचे ड्रायव्हर काही टोकनना मिळतात, मीही एकदा बसवले होते. चाललेही. मग शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला, तीनची मुदत असताना, ब्राउझरने टोकन ओळखायला नकार दिला. ते काम गेलं. चूक माझीच, शेवटच्या दिवशी कशाला बसलो. पण त्यानंतर सहीचं काम मी विंडोजवरच करतो.

टॅलीचंही तसंच. वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या साधनातून, चालवल्याच्या फुशारक्या ऐकाल, पण मार्चअखेरीला फुशारकी कामाला येत नाही.

लोखंडी_तवा

कारल्याचा मुद्दा कडू पण बरोबर, मी वाचलंच नव्हतं. एसएसडी वेगळी घेताय म्हणून उलट सोपं आहे. जुनी तबकडी पुसू नका. विंडोजसकट जशी आहे तशी पिशवीत घालून कपाटात ठेवा, लिनक्स नव्या एसएसडीवर. जीव घाबरला तर दोन स्क्रू काढून पूर्वस्थितीला. शिवाय दोनतीनशे रुपयांच्या यूएसबी डबीत घातलीत की जुन्या फायली त्यातून काढता येतात. फक्त काढण्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून नीट शटडाऊन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि मग लिनक्सला त्या डिस्कवरचं वाचता येतं पण लिहिता येत नाही.

टेंडरसाठी नवरोबांना दुसरं विंडोजचं यंत्र बघावं लागेल, त्यावर औषध नाही.

ऱ्हस्वदीर्घ

मी नानांच्या बाजूने लिहितो, कारण मराठी टाइप करायचं म्हटलं की अशा धाग्यांवर 'होतं की' एवढंच उत्तर मिळतं.

इन्स्क्रिप्ट मिंटमध्ये मुळातच आहे. सेटिंगमध्ये कळफलकाच्या यादीत मराठी घाला, झालं. तुम्हाला रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर आयबस हे टाइप करायचं साधन आणि त्याचा एम१७एन हा संच घ्या, त्यात मराठीला गमभन आणि फोनेटिक हे कळफलकही मिळतात.

नानांना सांगा, ऱ वेगळा आहे, शिफ्ट धरून जे. म्हणजे 'वाऱ्यावर'मधला ऱ्य हा शिफ्ट-जे, डी, मग तिरकी रेघ. साध्या र ला हलन्त देऊन य लावला तर 'वार्यावर' होईल आणि नाना झोपणार नाहीत.

लिब्रेऑफिसमध्ये एक जागा हमखास चुकते. त्यात देवनागरीचा फॉन्ट आणि भाषा इंग्रजीपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' अशी ओळ आहे, तिथे हिंदी असेल तर मराठी करा. का, तर ल आणि श. भाषा मराठी असली की लोहित किंवा नोटोसारखे फॉन्ट मराठी वळणाचा ल आणि श देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. बाकीच्यांना हा फरक दिसतही नाही, पण मराठीच्या शिक्षकाला दिसतो.

नानांच्या काही जुन्या फायली युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या आजच्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या फॉन्टात आहेत का?

सुपारीफूल

सगळ्यांचे आभार. तव्याचं ऐकून ऑर्डर केली आहे. कारलं, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "या माणसाला मी ओळखतो का?"

ऱ्हस्वदीर्घ, हो. २००९ च्या चाळीस पानांत 'क' च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

सुपारीफूल (तीन आठवड्यांनी)

झालं एकदाचं. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

डिस्क. खालचे सगळे दिसणारे स्क्रू काढले तरी झाकण हलेना. लेकीने व्हिडिओ शोधला. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली दडलेले, आणि डीव्हीडीचा कप्पा आधी बाहेर ओढायचा, त्याच्या खाचेत आणखी तीन. लेकीने सगळे इडलीपात्रात काढलेल्या क्रमाने ठेवले. झाकण सोडवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड वापरलं. आत रॅमच्या खाचेपाशी लालसर माती होती. पाणी माळ्यापर्यंत आलं नव्हतं, तरी ही कुठून आली देव जाणे. ब्रशने झाडली. दुसरी खाच रिकामी होती, 'एल' बघून रॅम घेतली. दुकानदाराने आधी बिन-एलचीच काढली होती, तवा.

मिंट. पेनड्राइव्ह करायला अर्धा तास, बसवायला वीस-बावीस मिनिटं. वायफाय लागला पण राउटरच्या शेजारी बसलं तरच, स्वयंपाकघरात शून्य. तव्याला व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, केला. कळलं ते असं की या चिपच्या कार्डावर अँटेनाला दोन टोकं असतात, लॅपटॉप बनवणाऱ्याने पैसे वाचवायला वायर एकच जोडलेली, आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकावर कान लावून बसतो. एका फाइलमध्ये एक ओळ लिहून, तुझा कान दुसरा, असं त्याला सांगायचं. ती ओळ लिहिताना हात थरथरत होता खरा. पुन्हा सुरू केलं तर आगळाच्या बरण्यांपाशी पूर्ण चार रेघा.

वेग. बटण दाबल्यापासून नाव विचारणाऱ्या पडद्यापर्यंत २१ सेकंद. फायरफॉक्स आणखी ५. सगळं सुरू झाल्यावर रॅम ८०० एमबीच्या आसपास, लेकीचे सहा टॅब उघडले की साडेतीन जीबी. म्हणजे तव्याचं ब्राउझरबद्दलचं बोलणं खरं. कुकर आता वेगळा लावावा लागतो.

यूट्यूबवर मात्र पंखा गरगरायचा. भाच्याने सांगितलं, ते नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ पाठवतात, ते उलगडायला या चिपमध्ये पुरेशी सोय नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरला एक छोटी जोड लावली, ती जुन्या एच-२६४ पद्धतीचेच व्हिडिओ मागवते. पंखा निमाला. भाचा उबुंटूवाला असला तरी गुणी आहे.

प्रिंटर. इथे हरले. आमचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सला दिसतो, नावानिशी दिसतो, पण पान सोडत नाही. लेबलं आता पीडीएफ करून फोनवरून बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे. एका पानामागे पाच रुपये, तेवढ्यात गप्पाही होतात, पण दिवाळीच्या गर्दीत परवडणार नाही.

टेंडर. नवरा त्याच्या भागीदाराच्या ऑफिसात जाऊन भरतो. जुनी तबकडी पिशवीत, पिशवी पोटमाळ्यावर, त्याच बरण्यांपाशी.

नाना. पहिले दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये." पडद्यावर 'लेक' हा शब्द केवढा तरी मोठा करून ठेवलेला. म्हणाले, "हा ल बघ. आठ वर्षं या यंत्राने मला हिंदी ल दिला, आणि मी तो चालवून घेतला."

ऱ्हस्वदीर्घ

वा! आता त्या चाळीस पानांचं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, दुवा व्यनि करतो. पण निघालेला मजकूर डोळे मिटून घेऊ नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती दिसते डावीकडे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतर घसरतं ते तिथे, विशेषतः जोडाक्षर असलं की, आणि रफार पाशी. ओव्यांमधले बोलीतले शब्द तर कुठल्याच शब्दकोशात नाहीत, त्यामुळे नानांनीच वाचायला हवं.

लोखंडी_तवा

प्रिंटरबद्दल: काही स्वस्त लेझर स्वतः पान रचत नाहीत, ते काम कॉम्प्युटरवर ढकलतात आणि तयार ठिपके तेवढे छापतात. ती ढकलण्याची भाषा बनवणाऱ्याची खासगी असली आणि लिनक्ससाठी चांगला ड्रायव्हर त्याने दिला नसला तर प्रिंटर मुकाच. घासाघीस करू नका. पुढे बदलाल तेव्हा फोनवरून थेट, काही न बसवता छापणारा घ्या. जो तसा छापतो तो लिनक्सवरही सहसा बिनतक्रार चालतो.

आणि टाइमशिफ्ट चालू केलंत का? मेनूत आहे. ठरवाल तेवढ्या दिवसांनी सिस्टिमची प्रत ठेवतं, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं. पण ते ओव्यांची प्रत ठेवत नाही हो! त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी.

सुपारीफूल

टाइमशिफ्ट केलं. ओव्यांचा पेनड्राइव्ह नणंदेकडे साताऱ्याला गेला, घाटावर.

एक शेवटचं. नाना सोमवारपासून विचारतायत, पत्ते कुठे गेले?

पोस्टातली_सीडी

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयलरायट शोधा. क्लोंडाइक, स्पायडर, सगळे मिळून ऐंशीच्या वर डाव आहेत.

सुपारीफूल

सापडले. पहिल्याच डावात तीन राजे तळाला अडकले. नाना म्हणतात, विंडोजवर असं होत नव्हतं.